खनिजांच्या नकाशात आसेगाव का नाही?

महाराष्ट्राच्या खनिजसंपत्तीचा धडा आला की वर्गातले काम बहुतेक ठरलेले असते. भिंतीवर नकाशा टांगला जातो. चंद्रपूर-गडचिरोलीत लोहखनिज, नागपूर-भंडाऱ्यात मँगनीज, कोल्हापूर-रत्नागिरीत बॉक्साइट, सिंधुदुर्गात पुन्हा लोहखनिज. प्रत्येकाला एक खूण : त्रिकोण, चौकोन, काळा ठिपका. मुले नकाशा वहीत उतरवून घेतात, सूची पाठ करतात आणि परीक्षेत ‘जोड्या लावा’ सोडवून गुण मिळवतात.

आता समजा, हा तास वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावात चालला आहे. नकाशात आधी आपला जिल्हा शोधायचा ही मुलांची सवयच असते. एखादी मुलगी वाशीमवर बोट ठेवते. तिथे त्रिकोण नाही, चौकोन नाही, ठिपकाही नाही. ती विचारते, “सर, आपल्याकडे काहीच नाही का?” या प्रश्नाला धड्यात उत्तर नसते. मग “आपल्याकडे काळी कसदार जमीन आहे ना!” असे म्हणून आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो. मुलगी खाली बसते. आपल्या पायाखाली सांगण्यासारखे काही नाही, एवढे मात्र ती त्या तासाला शिकलेली असते.

हा लेख त्या धड्यावरची टीका आहे. कोणतेही एक पुस्तक डोळ्यासमोर नाही. खनिजे शिकवण्याची आपली जी रूढ पद्धत आहे, तिच्याबद्दल बोलायचे आहे. या धड्यातली माहिती सहसा चुकीची नसते, हे आधीच मान्य करू. नावे बरोबर असतात, जिल्हे बरोबर असतात. तक्रार वेगळीच आहे. धडा ‘कुठे’ सांगतो आणि ‘का’ गाळतो. ‘का’ गाळल्यामुळे ‘कुठे’ही फक्त पाठांतरापुरते उरते, आणि ज्या गावाच्या वाट्याला ठिपका आलेला नाही, त्या गावाला धड्यात जागाच राहत नाही.

कोरा भाग रिकामा नाही

खनिजांच्या नकाशाशेजारी महाराष्ट्राचा खडकांचा नकाशा ठेवून पाहा. राज्याचा सुमारे ८० टक्के भाग एकाच रंगाने भरलेला दिसेल. तो बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा रंग. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला, थिजला. थरावर थर चढत गेले. आजही हा खडक सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर उरला आहे. आसेगाव या लाव्ह्याच्या पठारावर वसले आहे. तिथली काळी माती, विहिरीतला मुरूम आणि त्याखालचा कठीण दगड ही सारी या लाव्ह्याचीच रूपे आहेत.

आता दोन्ही नकाशे एकावर एक धरा. खनिजांचे बहुतेक ठिपके बेसाल्टच्या रंगाबाहेर पडतात : पूर्वेला नागपूर-भंडारा-चंद्रपूर-गडचिरोलीकडे आणि दक्षिण कोकणात. म्हणजे जिथे लाव्ह्याचे पांघरूण संपते, तिथे. त्या भागातले खडक फार जुने आहेत. चंद्रपूरचे लोहारा किंवा गडचिरोलीचे सुरजागड येथील लोहखनिजाचे खडक दोनशे कोटी वर्षांहून जुने आहेत. लाव्हा वाहिला तेव्हा हे खडक आधीपासूनच तिथे होते. पांघरूण त्यांच्यापर्यंत पोचले नाही, किंवा पोचले असले तरी पुढे झिजून गेले, म्हणून ते आज आपल्याला दिसतात.

मग आसेगावाखाली काय असेल? १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे एक खोल विंधनछिद्र घेण्यात आले. त्यात ३३८ मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली अवघे काही मीटर गाळाचे खडक आणि त्यांच्याही खाली ग्रॅनाइटच्या जातीचा अतिप्राचीन खडक मिळाला. कोयना परिसरातल्या एका छिद्रात असाच प्राचीन खडक गाठायला सुमारे ९३३ मीटर खाली जावे लागले. पूर्वेकडे उघडे पडलेले जुने जग पश्चिमेकडे संपलेले नाही. ते लाव्ह्याखाली झाकले गेले आहे. तेव्हा नकाशातला आसेगावचा कोरा भाग ‘काही नाही’ असे म्हणत नाही. खाली काय आहे ते झाकलेले आहे, एवढेच तो सांगतो.

अपवादही याच रीतीने समजतो. कोल्हापूरचे बॉक्साइट तर बेसाल्टच्याच डोक्यावर आहे. पण ते लाव्ह्यातून तयार होऊन आलेले नाही. उंच पठारांवर भरपूर पावसाने लाखो वर्षे खडकातले विरघळणारे घटक धुऊन नेले आणि न विरघळणारे अॅल्युमिनियम मागे राहून साठले, त्याचे हे बॉक्साइट. अपवादालाही कारण असते, हे मुलांना कळले की नियमावरचा विश्वास वाढतो.

विहिरीतले तांबे

‘आसेगावात खनिजे नाहीत’ या वाक्यात आणखी एक चूक आहे आणि ती गणिताने दाखवता येते. बेसाल्टमध्ये वजनाने सुमारे १० टक्के लोह असते. तांबेही असते : एका टनात साधारण १०० ते २०० ग्रॅम.

सहा मीटर व्यासाची आणि बारा मीटर खोल अशी एक विहीर घ्या. हिशेब सोपा व्हावा म्हणून ती सगळी कठीण दगडात खोदली असे धरू. घनफळ सुमारे ३४० घनमीटर येईल. घनता २.८ धरली, तर निघालेला दगड सुमारे ९५० टन भरतो. त्यात लोह सुमारे ९५ टन. तांबे टनाला १५० ग्रॅम धरले, तर १४० किलोच्या वर! गावातल्या प्रत्येक विहिरीच्या काठावर पडलेल्या दगडात घरोघरीच्या हंड्या-कळशांना पुरेल इतके तांबे आहे. तरीही ते काढायला कोणी येत नाही. का?

कारण ते विखुरलेले आहे. त्यातले काही अतिसूक्ष्म कणांत आहे, तर काही इतर खनिजांच्या स्फटिकांत अणू-अणूने अडकलेले आहे. ते मिळवायला सगळाच दगड पीठ करून विरघळवावा लागेल आणि त्यासाठी लागणारा खर्च तांब्याच्या किमतीच्या कितीतरी पट होईल. ज्या खनिजातून धातू सोयीने आणि फायद्यात काढता येतो, त्यालाच आपण धातुक म्हणतो. ही व्याख्या मुलांना विज्ञानाच्या पुस्तकात भेटते, पण ती भूगोलाच्या तासापर्यंत येत नाही. मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यातील मलांजखंडची खाण आपल्या सीमेपासून फार दूर नाही. तिथल्या दगडात तांबे साधारण एक टक्क्याच्या आसपास आहे. तेवढ्याच ९५० टन दगडातून तिथे नऊ-दहा टन तांबे मिळेल. आसेगाव आणि मलांजखंड यांत फरक तांबे असण्या-नसण्याचा नाही. तो साठ-सत्तर पट एकवटण्याचा आहे.

म्हणून धड्याचा खरा प्रश्न असा हवा : पृथ्वीवर सगळीकडे थोडे थोडे विखुरलेले तांबे आणि लोह काही मोजक्या जागी एकत्र कोणी आणले?

एक उदाहरण पूर्ण सांगू : स्कार्न

दहा खनिजांची यादी देण्याऐवजी एकाच साठ्याची जन्मकथा पूर्ण सांगितली, तर जास्त उपयोग होतो. त्यासाठी मी स्कार्न हा प्रकार निवडतो, कारण त्यात भूगोल आणि रसायन हातात हात घालून येतात. महाराष्ट्रात त्याचे नामांकित उदाहरण नाही. म्हणून थोडे लांब जावे लागेल.

न्यू गिनी बेटाच्या पश्चिम भागात, आजच्या इंडोनेशियात, समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर एका गवताळ दरीत एक काळा सुळका उभा होता. १९३६ मध्ये बर्फाच्छादित शिखरांच्या मोहिमेवर गेलेल्या झां जॅक डोझी या डच भूशास्त्रज्ञाने तो पाहिला. खडकावर हिरवे डाग होते. तांब्याच्या जुन्या भांड्यावर येणारा हिरवा रंग आपल्या ओळखीचा आहे. हे डागही तांब्याच्याच संयुगांचे होते. काळा रंग मुख्यतः मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचा. डोझीने त्याला ‘एर्ट्सबर्ग’, म्हणजे धातुकाचा डोंगर, असे नाव दिले. तांबे आणि लोह एकाच ठिकाणी, इतके उघड्यावर, हे कसे झाले?

तिथे मुळात चुनखडक होता : समुद्राच्या तळाशी साचलेले कॅल्शियम कार्बोनेट. पुढे खालून तप्त शिलारस वर घुसला. नुसत्या उष्णतेने चुनखडकाचा संगमरवर झाला असता. पण थिजत जाणाऱ्या शिलारसातून अतितप्त, खारे पाणी बाहेर पडते आणि त्यात सिलिका, लोह, तांबे, गंधक विरघळलेले असतात. हे पाणी चुनखडकाच्या भेगांत शिरले आणि रासायनिक क्रिया सुरू झाली. तिचे सर्वांत साधे रूप असे :

कॅल्शियम कार्बोनेट + सिलिका → कॅल्शियम सिलिकेट + कार्बन डायऑक्साइड

कॅल्शियम सिलिकेटच्या या खनिजाला वोलॅस्टोनाइट म्हणतात. लोह, मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम मिळाले की त्याऐवजी गार्नेट आणि पायरॉक्सीन बनतात. अशा खनिजांनी भरलेला, चुनखडकाची जागा घेणारा खडक म्हणजे स्कार्न. हा शब्द स्वीडनच्या खाणकामगारांचा आहे. लोहखनिजासोबत निघणाऱ्या टाकाऊ दगडाला ते स्कार्न म्हणत. टाकाऊ म्हणून ठेवलेले नाव पुढे धातुक शोधण्याची खूण ठरले, हा भाग मुलांना आवडेल.

वरच्या समीकरणात वर्गात करण्यासारखा एक हिशेब दडलेला आहे. समजा, सिलिका वाळूच्या कणांच्या रूपाने चुनखडकातच होती. १०० ग्रॅम कॅल्साइट सुमारे ३७ घनसेंटिमीटर जागा व्यापते आणि ६० ग्रॅम क्वार्ट्झ सुमारे २२.५. बेरीज साधारण ५९.५. त्यांच्यापासून ११६ ग्रॅम वोलॅस्टोनाइट होते, त्याला लागतात फक्त ४० घनसेंटिमीटर. उरलेले ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायू होऊन निघून गेले. म्हणजे घन खडकाचे आकारमान जवळजवळ एक तृतीयांशाने घटले. घट्ट चुनखडक सच्छिद्र झाला आणि मागून येणाऱ्या पाण्याला वाट मिळाली. आपलीच वाट आपण तयार करत जाणारी ही क्रिया आहे. धातू तिथेच का अडकले, याचे एक मोठे कारण या साध्या वजाबाकीत आहे.

दुसरे कारण थंड होण्याचे. तापमान जास्त असताना आधी गार्नेट-पायरॉक्सीन बनतात. मग मॅग्नेटाइट साचते. पाणी आणखी थंड झाले की तांबे आणि लोह यांचे सल्फाइड, म्हणजे पितळी रंगाचे चॅल्कोपायराइट, खाली बसते. चुनखडक आम्लाला मारतो हे आपण प्रयोगशाळेत पाहतोच. आम्लधर्मी पाणी चुनखडकात शिरून उदासीन झाले की त्याची धातू धरून ठेवण्याची शक्ती कमी होते. म्हणून शिलारसाजवळ लालसर तपकिरी गार्नेट, थोडे दूर हिरवट पायरॉक्सीन, संगमरवराच्या कडेला पांढरे वोलॅस्टोनाइट असे पट्टे अनेक स्कार्नमध्ये दिसतात. भूशास्त्रज्ञ रंग वाचत वाचत उष्णतेच्या उगमाकडे चालत जातो.

आता सूत्र मांडता येईल : चुनखडक, त्यात घुसणारा शिलारस, धातू वाहून आणणारे पाणी, वाट देणाऱ्या भेगा आणि पाण्याला थांबवणारा बदल. यातले एक जरी नसले, तरी असा साठा होत नाही. आसेगावात बेसाल्ट आहे, पण त्याच्या शेजारी जाड चुनखडक नाही आणि त्यात घुसलेला, धातुयुक्त पाणी सोडणारा ग्रॅनाइटसारखा शिलारसही नाही. तिथला लाव्हा उघड्यावर पसरून थिजला. नकाशातल्या कोऱ्या जागेचे हे रासायनिक कारण आहे आणि ते त्या मुलीला दहा मिनिटांत सांगता येते.

सारखी खनिजे, वेगळा इतिहास

इथे एक धोकाही सांगितला पाहिजे, नाहीतर ‘का’चेही पाठांतर होईल. नागपूर-भंडारा भागात, मनसर, चिखला, डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणींच्या परिसरात, ज्याला भूशास्त्रज्ञ सौसर समूह म्हणतात त्या जुन्या खडकांचा पट्टा आहे. त्यात संगमरवर आहे आणि पायरॉक्सीनसारखी कॅल्शियमची सिलिकेट खनिजेही आहेत. नुसती यादी पाहिली तर कोणीही ‘स्कार्न!’ म्हणेल. पण इथले बहुतेक खडक वेगळ्या वाटेने घडले. चिखल-वाळू मिसळलेला चुनखडक पर्वत घडताना खोल गाडला गेला, सगळ्या प्रदेशावरच दाब आणि उष्णता पडली आणि खडकातले घटक आपापसांत जुळले. बाहेरून धातू घेऊन येणारे पाणी हा या कथेतला नायक नाही.

मलांजखंडचे तांबे ग्रॅनाइटच्या जातीच्या खडकातल्या क्वार्ट्झच्या मोठ्या शिरांत आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ठाणेवासना येथे तांबे आहे ते खडक एकमेकांवर घासून चिरडल्या गेलेल्या पट्ट्यात. गरम पाणी त्या पट्ट्यातून फिरले, खडकात हिरवे क्लोराइट तयार झाले आणि शिरांमध्ये चॅल्कोपायराइट साचले. एर्ट्सबर्ग, मलांजखंड, ठाणेवासना : तिन्हीकडे धातुक एकच, चॅल्कोपायराइट. नकाशात तिघांनाही एकच त्रिकोण मिळेल. पण कथा तीन आहेत, आणि पुढचा साठा कुठे शोधायचा हे त्रिकोणावरून ठरत नाही, कथेवरून ठरते. धड्यातल्या खुणांवर माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे.

‘साठा सापडला’

वर्गात शिकवलेल्या अर्धवट धड्याची किंमत वर्गाबाहेर मोजावी लागते. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात सुमारे ३,००० टन सोने सापडल्याच्या बातम्या देशभर झळकल्या. काही दिवसांतच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेला खुलासा करावा लागला. संस्थेचा अंदाज सुमारे ५२,८०६ टन धातुकाचा होता आणि त्यात टनाला सरासरी ३.०३ ग्रॅम सोने होते. गुणाकार करून पाहा : सुमारे १६० किलो. हजारो टनांची बातमी आणि १६० किलोंचे सत्य! धातुक आणि धातू हा फरक ज्यांच्या हाडीमाशी भिनला आहे, अशा वाचकांना ती बातमी वाचताच शंका आली असती. हा गुणाकार सातवीचा आहे.

२०२३ च्या फेब्रुवारीत जम्मू-काश्मीरच्या रियासी भागात ५९ लाख टन लिथियमची घोषणा झाली. मूळ शब्द ‘अनुमानित’ होता आणि पाहणीची पातळी होती जी-३. खनिजांच्या शोधाच्या चार पायऱ्या असतात : टेहळणी, प्राथमिक पाहणी, सर्वसाधारण पाहणी आणि तपशीलवार पाहणी, जी-४ पासून जी-१ पर्यंत. जी-३ ही खालून दुसरीच पायरी. बातम्यांत मात्र ‘खजिना सापडला’ असा सूर लागला. पुढे २०२४ मध्ये लिलावाला पुरेसे बोलीदार मिळाले नाहीत आणि तो रद्द करावा लागला. जिथे काही असण्याची शक्यता दिसते ती जागा, मोजलेला साठा आणि फायद्यात चालणारी खाण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक शक्यता खाणीपर्यंत पोचतच नाहीत. आपल्या नकाशात मात्र तिन्हींना एकच ठिपका असतो.

शोधाची गोष्ट कोणाची?

एर्ट्सबर्गची गोष्ट पुढे बहुधा अशी सांगितली जाते : डोझीचा अहवाल १९३९ मध्ये छापला गेला, मग महायुद्ध आले, अहवाल लायडनच्या ग्रंथालयात पडून राहिला. वीस वर्षांनी, १९५९ मध्ये, यान फान ग्रौसेन या डच खाण-व्यवस्थापकाच्या तो हाती लागला. १९६० मध्ये अमेरिकन कंपनीचे फोर्ब्स विल्सन चालत तिथवर पोचले. १९७० च्या दशकाच्या आरंभी खाण सुरू झाली. सुळका होता तिथे पुढे खड्डा झाला. १९८८ मध्ये काही किलोमीटरांवर ग्रासबर्ग हा त्याहून कितीतरी मोठा साठा मिळाला.

गोष्ट रोमांचक आहे आणि एका विसरलेल्या अहवालाचे मोल ती छान सांगते. पण तिच्यात ‘दुर्गम’ हा शब्द फसवा आहे. दुर्गम कोणाला? अमुंगमे लोक त्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या राहत होते आणि ते डोंगर त्यांना पवित्र होते. त्यांच्या दृष्टीने तो सुळका सापडला नव्हता, तो होताच. त्यांची जमीन, त्यांच्या नद्या आणि खाणीतून निघालेला गाळ यांवरचा वाद अनेक दशके चालला. आपल्याकडे सुरजागडची टेकडी माडिया आदिवासींचे श्रद्धास्थान आहे आणि तिथल्या खाणीवरूनही तीव्र मतभेद झाले आहेत. खाण हवी की नको याचा निकाल भूगोलाच्या तासाला लावायचा नाही. पण नकाशातल्या ठिपक्याखाली माणसे राहतात, हे न सांगणारा धडा अपुरा आहे, आणि ते सांगायला एक वाक्य पुरते.

नकाशाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९०३-०४ च्या सुमारास टाटांच्या पोलाद-योजनेसाठी चंद्रपूरच्या लोहाऱ्याची पाहणी झाली. धातुक उत्तम होते, पण कारखान्याला पुरेल असा भरवसा वाटला नाही. हे कळवायला नागपूरला आलेले दोराबजी टाटा वेळ घालवण्यासाठी संग्रहालयात शिरले आणि तिथे मध्य प्रांताचा रंगीत भूशास्त्रीय नकाशा त्यांच्या नजरेस पडला. दुर्ग जिल्ह्यातले लोहखनिज त्यावर गडद रंगाने दाखवले होते. प्रमथनाथ बोस यांनी त्या भागाचा अभ्यास आधीच केलेला होता. तिथल्या दल्ली-राजहराच्या डोंगरांतूनच पुढे भिलाईच्या कारखान्याला धातुक मिळाले. तो नकाशा त्यापूर्वीही अनेकांनी पाहिला असेल. त्या दिवशी पाहणाऱ्याच्या मनात एक प्रश्न होता, म्हणून नकाशा बोलला.

मग तासाला काय करावे?

अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहण्याची गरज नाही. आहे त्याच धड्याला तीन जोड देता येतील.

१. खडकांचा नकाशा पातळ कागदावर काढून घ्या आणि खिडकीच्या काचेवर खनिजांच्या नकाशावर धरा. ठिपके कोणत्या खडकात पडतात ते मुलांना सांगू द्या. तुम्ही सांगू नका.

२. जुन्या लाउडस्पीकरचे चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नाल्याच्या कोरड्या वाळूतून फिरवा. काळे कण चिकटतील. पिशवी उलटी केली की ते कागदावर गोळा होतात. हे बहुतेक बेसाल्टमधून सुटलेले मॅग्नेटाइटच्या जातीचे कण आहेत. मग विचारा : हे लोहखनिज आहे का? धातुक आहे का? एक किलो वाळूत ते किती ग्रॅम निघतात? याच गुणामुळे चुंबकीय उपकरणांनी लोह-तांब्याचे स्कार्न जमिनीखाली हुडकता येते. आसेगावात मात्र सगळा खडकच थोडा-थोडा चुंबकीय असल्याने तीच पद्धत गोंधळेल. चर्चेला हा मुद्दा उत्तम आहे.

३. शेतातल्या काळ्या मातीत सापडणारे चुनखडीचे खडे आणा आणि त्यांवर प्रयोगशाळेतल्या विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. फसफसून कार्बन डायऑक्साइड निघतो. स्कार्नच्या जन्माच्या वेळीही हाच वायू बाहेर पडला होता. तिथे त्याला खडकातून हुसकावले ते उष्णतेने आणि सिलिकेने.

यावर शिक्षकांचा आक्षेप मला ठाऊक आहे : वेळ कुठे आहे, आणि परीक्षेत तर जोड्याच येतात! आक्षेप खरा आहे. पण कारण कळलेल्या मुलाला जोड्या कमी पाठ कराव्या लागतात, हाही अनुभव आहे. आणि निदान घटक चाचणीत तरी एक प्रश्न आपल्या हातात असतो. ‘महाराष्ट्रात लोहखनिज कोठे सापडते?’ याऐवजी ‘वाशीम जिल्ह्यात लोहखनिजाची खाण का नाही?’ असा तो विचारून पाहा. पहिल्या प्रश्नाला चार गावांची नावे पुरतात. दुसऱ्याचे उत्तर देताना लाव्हा, काळ, विखुरणे-एकवटणे आणि धातुकाची व्याख्या हे सगळे आणावे लागते.

आसेगावच्या त्या मुलीला मग काय सांगायचे? “बाळ, आपल्या विहिरीच्या दगडात लोह आहे, तांबेही आहे, पण ते एकत्र आणणारी घटना इथे घडली नाही. आणि या दगडाच्या खाली काय आहे, ते अजून कोणी नीट पाहिलेले नाही.” हे उत्तर ऐकून ती खाली बसेल तेव्हा तिच्या मनात पुढचा प्रश्न तयार असेल.